रस्ता चौपदरी होईल तेव्हा होईल, आधी मजुरांना गाडी द्या

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष
आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, जळगाव

विषय : अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे अपघात आणि कोंडी (चोपडा ते रावेर)

महोदय, सस्नेह नमस्कार.

किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला ती रात्र आमच्या तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. १५ फेब्रुवारी २०२१, मध्यरात्रीचा सुमार. धुळ्याकडून पपई भरून ट्रक रावेरकडे येत होता आणि मालावर मजूर बसले होते. ट्रक पलटी झाला, माणसं मालाखाली दबली. पंधरा जण गेले. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इथली ही माणसं. त्यात बाया होत्या, लेकरं होती. त्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, याच रस्त्यावर हिंगोण्याजवळ डंपर आणि क्रूझरची धडक झाली होती. लग्नाच्या कार्यक्रमाहून घरी परतणारे निदान दहा जण त्यात गेले. दोन्ही ठिकाणं यावल तालुक्यातली आणि दोन्ही वेळा रात्रीच्या.

मी रावेर तालुक्यातली केळी उत्पादक शेतकरी आहे. माझं शेत या रस्त्याला लागून आहे. तुमच्या समितीलाच लिहिते आहे, कारण पोलीस अधीक्षक, परिवहन अधिकारी, बांधकाम खात्याचे अभियंते, महामार्गाचे अधिकारी आणि शल्यचिकित्सक एका टेबलाला बसतात अशी जिल्ह्यात ही एकच जागा आहे. बाकी कोणत्याही दारात गेलं की उत्तर ठरलेलं असतं : तो तुकडा आमच्याकडे येत नाही.

तापीच्या उत्तरेकडच्या गावांची ही एकच मोठी वाट. गुजरातेतून अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर करत रस्ता चोपड्याला येतो आणि पुढे अडावद, धानोरा, किनगाव, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावं घेत बऱ्हाणपूरला जातो. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच पट्ट्याच्या जोरावर. दिल्ली-पंजाबपर्यंत जाणारा माल इथूनच निघतो. त्याच डांबरावर कापसाच्या गाड्या, उसाच्या जोडट्रॉल्या, वाळूचे डंपर, दोन राज्यांमधले लांब पल्ल्याचे कंटेनर, एसटी, बैलगाड्या आणि सायकलवर शाळेला निघालेली मुलं. बऱ्याच ठिकाणी दोन मोठ्या गाड्या एकमेकींना जेमतेम ओलांडतील एवढीच रुंदी.

माझी सगळ्यात मोठी मागणी मजुरांच्या गाडीची आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

केळी कापणं हे टोळीचं काम. व्यापारी सांगेल त्या शेतात टोळी जाते. आज विवऱ्याला, उद्या यावलकडे, परवा थेट शिरपूर तालुक्यात. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणतो, कोणी वजनाला उभा राहतो, दोघे-तिघे ट्रकमध्ये पाला अंथरून घडांचे थर लावतात. गाडी भरली की काम संपतं आणि गाडी कधी भरेल ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. कधी दुपारीच मोकळे होतात, कधी रात्रीचे नऊ-दहा वाजतात. पपईचंही तसंच. तोवर शेवटची एसटी निघून गेलेली असते. काळीपिवळी मिळालीच तर दिवसभराच्या रोजातला मोठा वाटा तिच्या भाड्यात जातो. आणि जो ट्रक आपल्याच हातांनी भरला तो गावाच्या दिशेने निघालेला असतो, ड्रायव्हर दिवसभरात ओळखीचा झालेला असतो. माणसं मालावर चढतात.

माझ्याकडे कापणीला येणाऱ्या एका बाईला मी विचारलं होतं, भीती नाही वाटत का? ती म्हणाली, "वाटते ना ताई. पण ट्रकमधी बसलं तं रातच्याला लेकरं माह्या हातचं जेवतात. नाही तं फाट्यावरच उजाडतं."

हे ऐकल्यावर "मालवाहू गाडीतून प्रवास करू नका" एवढा फलक लावून समितीला थांबता येईल असं मला वाटत नाही. नियम बरोबर आहे, तपासणीही हवीच. पण रात्री दहा वाजता ट्रकवरून उतरवलेल्या पंधरा माणसांना पोलिसांनी रस्त्यावर सोडून दिलं तर ती पुढच्या ट्रकवर चढणार. दुसरी गाडी उभी केल्याशिवाय ही बंदी टिकत नाही.

या प्रवासात माणूस गेला तर त्याच्या घरच्यांच्या हाती काय लागतं, हेही समितीने पाहावं. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी आणि गाडीमालकाचे स्वतःचे कामगार सोडले, तर मालवाहू गाडीतला प्रवासी सक्तीच्या विम्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे कधीच स्पष्ट केलेलं आहे. टोळीतला मजूर ना मालाचा मालक, ना ट्रकवाल्याचा नोकर. त्याची बायको कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते आणि विमा कंपनीचा वकील शांतपणे कलम वाचून दाखवतो. सरकारी मदत जाहीर होते ती एकदम पंधरा गेले तर. एकटादुकटा माणूस ट्रकवरून पडून गेला तर तालुक्याच्या बातम्यांत चार ओळी येतात, तेवढंच.

यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यासाठी एक इंचही जमीन संपादित करावी लागत नाही. चोपडा, यावल आणि रावेर अशी एसटीची तीन आगारं या एकाच रस्त्यावर आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे गाडी आहे, सवलत आहे, वेळ तेवढी जुळत नाही. पहाटे पाचच्या सुमारास चोपड्याहून आणि रावेरहून एकेक फेरी, रात्री आठला आणि दहाला परतीच्या फेऱ्या, प्रत्येक फाट्यावर थांबा. निदान कापणीच्या भर हंगामात एवढं करून पाहावं. पहिल्या महिन्यात गाड्या रिकाम्या धावतील. तेवढ्यावर फेऱ्या बंद करू नयेत. मजुरांचा विश्वास बसायला वेळ लागतो, कारण दर वेळी गाडी येईल असं सांगून त्यांना फाट्यावर बसवून ठेवलेलं असतं.

दुसरी जबाबदारी व्यापाऱ्यांची. टोळी कुठे जाणार, किती माणसं जाणार, हे व्यापारी ठरवतो. तर नेण्या-आणण्याची गाडीही त्यानेच द्यावी आणि ती प्रवासी परवान्याची असावी. रावेर, यावल आणि चोपड्याच्या बाजार समित्यांना पुढच्या बैठकीला बोलावून घ्या. केळीचे बोर्डभाव रोज जाहीर करता येतात, तर टोळीच्या गाडीचा नियमही त्यांच्या फळ्यावर लिहिता येईल. हा खर्च शेवटी कोणावर येणार ते मला माहीत आहे : क्विंटलमागे थोडे पैसे आमच्या भावातून कापले जातील. कापू द्या. कटतीवरून आम्ही शेतकरी वर्षभर भांडतो, पण आमचा माल कापणाऱ्या माणसाच्या जिवासाठी चार पैसे कमी आले तर मी तक्रार करणार नाही, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आता कोंडीबद्दल. या रस्त्यावरची निम्मी कोंडी उभ्या गाड्यांची आहे, असं माझं रोजचं निरीक्षण आहे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात दहा-बारा चाकी ट्रक शेतात घालता येत नाही. घातला तर रुततो आणि मग तो काढायला दोन ट्रॅक्टर लागतात. म्हणून ट्रक रस्त्यावरच उभा करतात, अर्धा डांबरावर, अर्धा साइडपट्टीवर. शेतातून छोट्या ट्रॅक्टरने घड येतात आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून भरणी चालते. सकाळी लागलेला ट्रक संध्याकाळपर्यंत हलत नाही. मागून येणाऱ्याला समोरच्या बाजूने जावं लागतं, समोरून एसटी येते, दोघे थांबतात आणि दोघांच्या मागे रांग लागते. त्या रांगेतून मोटारसायकलवाले कडेकडेने निघतात तेव्हा खांद्यावर घड घेतलेला माणूस नेमका ट्रकच्या मागून बाहेर येतो. घड खांद्यावर असला की त्या बाजूचं त्याला काहीच दिसत नाही. हे दृश्य निंभोरा फाट्यापासून किनगावपर्यंत हंगामात कुठेही पाहायला मिळेल.

यावर उपाय आहे तो गाडी भरायच्या जागांचा. दर तीन-चार किलोमीटरवर रस्त्यापासून आत, मुरूम टाकून दाबलेली, चार ट्रक उभे राहतील अशी जागा. काही ठिकाणी रस्त्याच्या हद्दीतली सरकारी जागा मोकळी पडून आहे, काही ठिकाणी बंद पडलेल्या जिनिंगचं आवार आहे, गावठाणाची जागा आहे. शेतकरीही भाड्याने जागा देतील. माझ्या शेताचा रस्त्यालगतचा कोपरा मी द्यायला तयार आहे, हे इथे लेखी सांगते. त्या जागी एक दिवा आणि पाण्याची टाकी एवढं झालं तरी भरणी रस्त्यावरून उठेल. आणि शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री योजना आली. पाणंदीची कामं निवडताना या मोठ्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या शिवाररस्त्यांना आधी धरलं, तर ट्रक थेट बांधापर्यंत जाईल. सध्या पाणंद निवडताना कोणत्या सरपंचाचं वजन किती, हे पाहिलं जातं असा आमचा अनुभव आहे. समितीने आपली यादी वेगळी करून पाठवावी.

रात्रीच्या ट्रॉल्यांचं मी वेगळं काय सांगू? पण एकदा जवळून पाहा. मागच्या फाळक्यावर कधी काळी लाल रिफ्लेक्टर होता, त्यावर वाळलेल्या चिखलाचा थर. दिव्याची वायर तुटून लोंबते आहे. कोणी हौशी असेल तर तारेने एक जुनी सीडी बांधलेली, बाकी काही नाही. ऊस असला तर कांड्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आणि मागे जोडलेली दुसरी ट्रॉली, जिच्यावर तेवढंही नाही. समोरून कंटेनरचे पांढरे दिवे डोळ्यांवर आले की मोटारसायकलवाल्याला ही ट्रॉली दिसते ती तिच्यावर आदळताना. लाल-पिवळी चमकती पट्टी एका ट्रॉलीला लावायला काहीशे रुपयांच्या वर खर्च येत नाही. परिवहन खात्याने दंडाची पावती फाडत बसण्याऐवजी ऑक्टोबरमध्येच, हंगाम सुरू व्हायच्या आधी, पट्टीची रिळं घेऊन कारखान्याच्या काट्यावर, जिनिंगच्या फाटकावर आणि आठवडे बाजारात उभं राहावं. पट्टी नसलेली ट्रॉली काट्यावर घेणार नाही, असं कारखान्यांनी एकदा ठरवलं तर पंधरा दिवसांत सगळ्या ट्रॉल्या चमकायला लागतील. ट्रॅक्टरवाल्याला पोलिसांपेक्षा काटा बंद होण्याची धास्ती जास्त असते.

डंपरबद्दल थोडक्यात. तापीतली वाळू रात्री निघते, आणि पकडलं जाऊ नये म्हणून डंपर सुसाट निघतो. महसूल, पोलीस आणि परिवहन या तिघांनी एकाच रात्री, एकाच नाक्यावर उभं राहणं एवढाच त्यावर उपाय आहे. आज एक खातं पूर्वेला असतं तेव्हा दुसरं पश्चिमेला असतं.

बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना माझी हात जोडून विनंती आहे ती साइडपट्ट्यांसाठी. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो. फोटो निघतात, रस्ता काळाभोर दिसतो. पण थर चढला की रस्ता उंच होतो आणि कडेची माती तिथेच राहते. पावसाळ्यात ती आणखी धुपते. माझ्या शेतासमोर डांबराची कड मातीपासून चांगली वीतभर उंच आहे. मागून ट्रकने हॉर्न दिला की सायकलवर जाणारी मुलगी खाली उतरायला बघते, पुढचं चाक कडेवरून घसरतं आणि ती पडते ती ट्रकच्याच बाजूला. काळी जमीन ओली-सुकी होताना हलते, त्यामुळे भरलेला मुरूमही दर वर्षी पुन्हा दाबावा लागतो, हे मान्य. म्हणूनच हे काम ठेक्यातल्या शेवटच्या ओळीत राहू नये. साइडपट्टी भरल्याशिवाय थराचं बिल काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं आहे. रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या रस्त्यावर ते कलम एकदा तरी लावून दाखवा.

फाट्यांचा प्रश्न आमच्या पिकाशी जोडलेला आहे. केळी आठ-दहा फूट वाढते. वाऱ्यापासून ती वाचावी म्हणून बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असतं, ते त्याहून दाट. शेत अगदी वळणाच्या कोपऱ्यापर्यंत लावलेलं असल्यामुळे गावातून येणाऱ्याला मोठ्या रस्त्यावरची गाडी दिसत नाही, आणि तिकडच्याला हा दिसत नाही. प्रत्येक फाट्यावर कोपऱ्यातला वीस-तीस फुटांचा तुकडा बुटक्या पिकाला ठेवावा, हरभरा लावा, भुईमूग लावा, आणि त्या तुकड्यामागे शेतकऱ्याला वर्षाला ठरावीक भरपाई द्यावी. ग्रामसभेत नीट समजावून सांगितलं तर लोक ऐकतील. मनुदेवीच्या देवळात नवरात्रात गर्दी लोटते, तेव्हा आडगावकडे वळणाऱ्या गाड्यांचे काय हाल होतात ते पोलिसांना माहीतच आहे. फाट्यावर एक सौर दिवा, दोन्ही बाजूंना रंबलर पट्ट्या आणि वाचता येईल एवढा मोठा फलक, एवढं बसवायला कोणत्या मंजुरीची वाट पाहायची?

तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दलही एक मुद्दा मांडायचा आहे. ब्लॅक स्पॉट ठरवण्याची केंद्राची व्याख्या अशी : राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. मोठ्या चौकासाठी, घाटातल्या वळणासाठी ही व्याख्या ठीक आहे. आमच्या रस्त्यावर ती नीट लागू पडत नाही. इथे माणसं पसरून मरतात. या फाट्यावर एक, पुढच्या फाट्यावर एक, मळ्यासमोर एक. व्याख्येत कुठलीच जागा बसत नाही आणि यादीत रस्ता येत नाही. उलट किनगावचा एकच अपघात घेतला तर आकड्याने ती जागा लगेच बसते, पण तिथे माणसं मेली ती मालावर बसली होती म्हणून. त्या ५०० मीटरमध्ये रंबलर टाकून उद्याचा ट्रक उलटायचा थांबणार नाही. म्हणून चोपडा ते रावेर हा सगळा पट्टा एकच धोक्याचा पट्टा म्हणून धरा. पोलीस आता अपघाताची माहिती मोबाइलवरून संगणकात भरतात. त्यातून या रस्त्यावरचे गेल्या पाच वर्षांतले सगळे अपघात काढा आणि जागेबरोबर वेळ, गाडीचा प्रकार आणि मेलेला माणूस कशावर बसला होता, हेही लिहून लोकांसमोर ठेवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं तरी चालेल.

"चौपदरीकरण येतंय, तोवर थांबा," असं आम्हाला सांगितलं जातं. रस्ता रुंद व्हावा असं आम्हालाही वाटतं; कोणाची जमीन जाणार, मोबदला काय मिळणार, हे वाद आहेत आणि ते सुटतील. पण चौपदरीकरणाला या जिल्ह्यात किती वेळ लागतो ते जळगाव–धुळे महामार्गावरच्या तरसोद–फागण्याच्या कामात सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि चौपदरी रस्ता झाला म्हणजे माणसं मरायची थांबतात असंही नाही. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला आणि दहाच्या वर माणसं गेली, तो मुंबई–आग्रा महामार्ग चौपदरीच होता. आमच्या रस्त्यावर उद्या दुभाजक पडला आणि सर्व्हिस रोड, मजुरांचे थांबे, ट्रॅक्टरना ओलांडायच्या जागा नकाशात नसल्या, तर ट्रॅक्टर उलट्या बाजूने धावतील. म्हणून आराखडा अंतिम व्हायच्या आधी तो यावल, फैजपूर, सावदा आणि रावेरला टांगा, लोकांना पाहू द्या. भर गावातून जाणाऱ्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी काय होतं ते मुंबई-दिल्लीतल्या सल्लागाराला कळायला मार्ग नाही.

माल कमी गाड्यांतून जाईल तर कोंडी आपोआप कमी होईल. रावेर, निंभोरा, सावदा ही भुसावळ–खंडवा लाइनीवरची स्टेशनं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने केळीच्या वॅगनी इथूनच भरल्या. अलीकडे २०२१ मध्ये किसान रेल्वेने इथली केळी दिल्लीच्या आदर्शनगरला जात होती. भाड्यातली सवलत गेली आणि माल पुन्हा ट्रकवर आला. रेल्वे तुमच्या अखत्यारीत नाही हे मला कळतं. पण जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने, रस्त्यावरची वाहनं कमी करण्यासाठी केळीला रेल्वे हवी, असा ठराव करून पाठवला तर त्याचं वजन आमच्या निवेदनांपेक्षा जास्त असेल.

शेवटचा मुद्दा दवाखान्याचा, आणि तो तातडीचा आहे. रावेरजवळ डोक्याला मार लागलेल्या माणसाला बहुतेक वेळा भुसावळमार्गे जळगावला न्यावं लागतं. याच रस्त्यावरची कोंडी, नंतर तापीचा पूल, नंतर भुसावळपासून पुढचा महामार्ग. कायद्यात जो पहिला एक तास सोन्याचा मानला आहे तो यातच जातो. सीमेवरच्या गावांना बऱ्हाणपूर जवळ आहे, पण दुसरं राज्य म्हणून लोक कचरतात. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देण्याची केंद्राची योजना लागू आहे आणि ती देशभर चालते. या पट्ट्यात कोणते दवाखाने तिच्यात आहेत, बऱ्हाणपूरचे कोणते आहेत, याची यादी प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि प्रत्येक ढाब्यावर लावा. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं, आणि गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवलं तर २५ हजारांचं बक्षीसही आहे, हे आमच्या गावातल्या पोरांना माहीतच नाही. ती जखमीला पाणी पाजतात आणि १०८ ची वाट पाहत उभी राहतात, कारण हात लावला तर कोर्टात फेऱ्या माराव्या लागतील असं त्यांच्या घरच्यांनी त्यांना बजावलेलं असतं. पोलीस पाटलांमार्फत एकदा दवंडी दिली तरी पुष्कळ फरक पडेल.

समितीची पुढची बैठक जळगावला न घेता यावलला किंवा सावद्याला घ्यावी, आणि शक्य असेल तर संध्याकाळी सहानंतर, म्हणजे येताना-जाताना तुम्हाला हा रस्ता अंधारात दिसेल. बैठकीला बाजार समित्यांचे सचिव, तिन्ही आगारांचे व्यवस्थापक, साखर कारखान्यांचे प्रतिनिधी आणि केळी व्यापारी बोलवा. आभोडा आणि केऱ्हाळ्यातून कापणीला जाणाऱ्या दोन मजूर बायांनाही बोलवा, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज समितीने द्यावा, नाही तर त्या येऊ शकणार नाहीत. त्यांना आणायची-पोहोचवायची गाडी मी करते. तारीख निदान आठ दिवस आधी कळवावी, कारण टोळीचं काम आठवड्याचं ठरलेलं असतं.

आपली,
रावेर तालुक्यातली एक केळी उत्पादक शेतकरी